किनकेड साहेबांची माशी

माणसानं मूर्खपणा जरूर करावा, पण त्यासाठी पहाटे साडेपाचला उठू नये, असं माझं सोळाव्या वर्षी ठाम मत होतं आणि अजूनही त्यात फारसा फरक पडलेला नाही. फेब्रुवारी-मार्चमधल्या शनिवारी बाबा त्या वेळी उठायचे. आधी किटली शिटी मारायची, मग जिन्याखालच्या कपाटातून पंधरा फुटी रॉडचे तुकडे भिंतीला आपटत बाहेर यायचे, मग रबरी पँट चढवताना बाबांचा एका पायावरचा नाच, आणि शेवटी आईचा आवाज, "अहो, हळू. शेजारचे उठतील." एडिनबराच्या त्या जोडघराच्या भिंती इतक्या पातळ होत्या की शेजारच्या मिसेस बेल शिंकल्या तर आई इकडून 'ब्लेस यू' म्हणायची. मी पांघरुणात डोकं खुपसून पडलेली असायची. कुणी फोन करून बाबा कुठे आहेत म्हणून विचारलं तर आई गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "माशा मारायला गेलेत." मराठी माणूस असेल तर तो हसायचा. इंग्लिशमध्ये ती फक्त 'फिशिंग' म्हणायची आणि फोन ठेवायची.

बाबा भूल देणारे डॉक्टर. वेंगुर्ल्याहून मुंबई आणि मुंबईहून इथं असा त्यांचा प्रवास, आणि इथं आल्यावर मात्र प्रवास थांबलेला. रजिस्ट्रारच्या वर आणि कन्सल्टंटच्या खाली अशा एका फांदीवर ते कित्येक वर्षं लोंबकळत होते. त्यांच्या हाताखाली शिकलेली गोरी पोरं टाय लावून पुढे निघून जात आणि ख्रिसमसला बाबांना कार्ड पाठवत. त्यांच्या डिपार्टमेंटचे मुख्य म्हणजे डॉ. किनकेड. लाल गाल, मोठा आवाज, आणि समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर तोडून त्याचंच वाक्य आपण पूर्ण करण्याची खोड. वसंत हे नाव त्यांना झेपत नसे, म्हणून त्यांनी बाबांचं 'व्हॅस' केलं होतं. दर हिवाळ्यात चार शनिवार ते स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला, बॉर्डर्समधल्या एका नदीचा तुकडा भाड्यानं घेत आणि डिपार्टमेंटच्या निवडक मंडळींना सॅमन पकडायला बोलावत. नदीचं नाव लिहीत नाही, तिचा बिचारीचा यात काही दोष नाही. ज्यांना बोलावणं यायचं ते पुढे कन्सल्टंट व्हायचे, असं हॉस्पिटलात सगळे म्हणत. बाबांना सात वर्षं बोलावणं येत होतं. सात वर्षांत त्यांना ना मासा मिळाला होता, ना पोस्ट.

आता या खेळातला शहाणपणा सांगते. सॅमन समुद्रातून नदीत शिरला की जेवणं बंद करतो. अंडी घालेपर्यंत कडक उपास. म्हणजे जो मासा खाणारच नाही, त्याच्यापुढे पिसांची, केसांची, चमकीची खोटी माशी नाचवायची आणि ती कोणती नाचवावी यावर मोठ्या माणसांनी हुज्जत घालायची. आईला हे कळलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे निर्जळी एकादशीला दारात जाऊन साबुदाण्याची खिचडी दाखवायची?" बाबा म्हणाले, "चिडून तोंड मारतो तो." आई म्हणाली, "मारेलच. मीही मारीन."

तिला माशांतलं कळत होतं. मालवणची होती ती. बंदराजवळच्या दुकानात ती मासळीवाल्याला न विचारता हॅडकचे कल्ले उचलून आत डोकावायची, बोटानं पोट दाबायची, आणि तो "मॅडम, प्लीज" म्हणेपर्यंत तिचा निकाल लागलेला असायचा. मॅकरेल म्हणजे आमचे बांगडे. इथली माणसं ते मांजराला घालत, म्हणून स्वस्त. शुक्रवारी संध्याकाळी घरभर तिरफळाचा वास दरवळायचा आणि मी शाळेचा ब्लेझर वरच्या खोलीत, खिडकी उघडून, बाहेर टांगून ठेवायची. त्या वासाची मला लाज वाटायची आणि जेवायला सर्वांत आधी मीच बसायची.

जेवणाच्या टेबलाचं अर्धं राज्य मात्र माश्यांचं होतं. रविवारी बाबा तिथं एक छोटा चिमटा बसवत, त्यात गळ अडकवत आणि त्यावर दोरा गुंडाळत बसत. दोऱ्याचं रीळ गरगर फिरताना भुंग्यासारखा आवाज यायचा. कोंबड्याची मान, खारीची शेपूट, सोनेरी तार, सगळं आमच्या लोणच्याच्या बरणीशेजारी. एकदा आमटीत केशरी पीस निघालं. आईनं ते चमच्यानं काढून बाबांच्या ताटात ठेवलं. बाबांची एक वहीसुद्धा होती. पाण्याचा रंग, पाण्याचं तापमान, कोण कुठे उभा होता, कुणाला कोणत्या माशीवर मासा मिळाला, सगळं त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात. मी ती चोरून वाचली होती, कारण वाचायला दुसरं काही राहिलं नव्हतं. तिचा सारांश कुणालाही समजला असता. पाणी गढूळ आणि चढलेलं असेल तर मोठी, भडक माशी. पाणी थंड आणि स्वच्छ असेल तर लहान, काळी. फेब्रुवारीत त्या नदीचं पाणी जवळजवळ नेहमीच थंड आणि स्वच्छ असायचं. खाली प्रत्येक शनिवारच्या नोंदीत बाबांनी स्वतः लावलेली माशी लिहिलेली होती. सात वर्षं एकच नाव: किनकेड्स ग्लोरी.

ही ग्लोरी म्हणजे किनकेड साहेबांनी स्वतः शोधून काढलेली माशी. ख्रिसमसला ते काड्यापेटीत घालून एकेकाला दोन-दोन वाटायचे, प्रसाद दिल्यासारख्या. भडक केशरी-पिवळी, अंगभर सोनेरी चमकी, करंगळीएवढी लांब. आई तिला झेंडू म्हणायची. बाबांना ती हरवायची भीती, म्हणून ते घरी बसून तिच्या हुबेहूब नकला करत. मी एकदा विचारलं, "तुमच्याच वहीत लिहिलंय की स्वच्छ पाण्यात काळी चालते. मग तुम्ही झेंडू का लावता?" बाबा चिमट्यातून मान वर न करता म्हणाले, "अनू, वही घेण्याआधी विचारावं." त्या दिवशी मी त्यांच्याबद्दल मनात एक शब्द वापरला होता. तो मराठीत फार वाईट आहे आणि इंग्लिशमध्ये त्याहून वाईट, तेव्हा राहू दे.

त्या वर्षी कन्सल्टंटची एक जागा निघाली. एप्रिलमध्ये इंटरव्ह्यू, पॅनलवर किनकेड. बाबांचं वय पाहता ही शेवटची संधी, हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण आई संकष्टी करायला लागली यावरून मला कळलं. आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी किनकेडनी सगळ्यांना सहकुटुंब नदीवर जेवायला बोलावलं. आईनं आदल्या दिवशी चाळीस बटाटेवडे तळले. मी येणार नाही म्हटलं. आई म्हणाली, "तुझ्या इच्छेबद्दल कुणी विचारलेलं नाही. हिरवा स्वेटर घाल."

नदीकाठी एक लाकडी खोपटं होतं, आत शेगडी, भिंतीवर मेलेल्या माशांचे फोटो. बायका आत बसून एकमेकींच्या किचनबद्दल बोलत होत्या. पुरुष मंडळी आपापल्या जागी कमरेइतक्या पाण्यात उभी होती, रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरलेला, चेहरे असे की जणू देशाचं संरक्षण चाललंय. सूत लांब फेकायचं, प्रवाहाबरोबर हळूहळू काठाकडे येऊ द्यायचं, एक पाऊल खाली सरकायचं, पुन्हा फेकायचं. सकाळपासून दुपारपर्यंत हेच. माझ्या मते तुरुंगातसुद्धा याहून बरी कामं देत असतील.

आईनं माझ्या हातात थर्मास दिला. "बाबांना चहा देऊन ये."

बाबा सर्वांत खालच्या डोहावर होते, वळणापलीकडे, जिथून खोपटं दिसत नव्हतं. चांगल्या जागा वाटून झाल्यावर उरलेली ती जागा. त्यांच्याजवळ डंकन उभा होता. डंकन तिथला गिली, म्हणजे नदी सांभाळणारा आणि पाहुण्यांना मासा कुठे आहे ते दाखवणारा माणूस. साठीचा, अबोल, किनकेडच्या विनोदांवर न हसणारा तिथला एकमेव पुरुष. मी काठावर पोचले तेव्हा तो बाबांच्या सुताचं टोक हातात धरून ग्लोरीकडे पाहत होता.

"डॉक," तो म्हणाला, "हे पाणी ग्लासातल्या जिनसारखं स्वच्छ आहे. या वस्तूनं तुम्ही सात वर्षं मासे घाबरवताय."

बाबा म्हणाले, "डॉ. किनकेडना ती आवडते."

"किनकेड नदीत राहत नाही." त्यानं ग्लोरी कापली, बाबांच्या हातावर ठेवली आणि आपल्या टोपीतून एक बारकी काळी माशी काढून बांधली. खारीच्या शेपटीचे चार केस, तळाशी चंदेरी तारेचा एक वेढा. बाबांनी वळणाकडे एकदा पाहिलं. मग सूत फेकलं.

पाचव्या की सहाव्या फेकीला सूत थांबलं. रॉड वाकला, रिळाचा किर्रर्र आवाज झाला, आणि बाबांच्या तोंडातून मालवणीत असं काही निघालं जे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. वीस मिनिटं ते झगडत होते. ते हसत होते. पाणी त्यांच्या पँटमध्ये शिरलं होतं आणि ते हसत होते. मी थर्मास छातीशी धरून उभी होते आणि कबूल करायला हवं की मीही ओरडत होते, "बाबा, सोडू नका! सोडू नका!" डंकननं जाळ्यात घेऊन मासा काठावर आणला. चांदीची लगड. शेपटीजवळ समुद्रातल्या उवा अजून चिकटलेल्या, म्हणजे समुद्रातून येऊन दोन दिवसही झाले नसतील. (आता त्या नदीवर असा मासा परत सोडावा लागतो. तेव्हा मारायचे.) डंकननं एका छोट्या दांडक्यानं तो मारला, बाबांचा हात हातात घेऊन हलवला आणि सगळ्यांना बोलवायला खोपट्याकडे गेला.

बाबा गुडघ्यावर बसले. मला वाटलं माशाला हात लावून बघतायत. त्यांनी माशाच्या जबड्यातली काळी माशी काढली, अलगद, कुणाला दुखू नये तशी, सुतावरून तोडली आणि खिशात टाकली. मग दुसऱ्या खिशातून ग्लोरी काढली. थंडीनं त्यांची बोटं निळी पडली होती, पण भूल देणाऱ्या माणसाची बोटं ती. ग्लोरी सुताला बांधली, गाठीचं उरलेलं टोक दातानं कापलं, आणि गळ माशाच्या जबड्यात त्याच भोकात दाबून बसवला. बसला की नाही ते हलवून पाहिलं. मग मान वर केली आणि त्यांना मी दिसले.

बाबा म्हणाले, "चहा दे."

मी दिला.

मग सगळा लवाजमा आला. किनकेडनी मासा पाहिला, माशी पाहिली, आणि माणसाचा चेहरा किती फुलू शकतो ते मला कळलं. "ऑन द ग्लोरी! माय गॉड, व्हॅस, ऑन द ग्लोरी!" त्यांनी बाबांच्या पाठीत अशी थाप मारली की बाबा पुन्हा पाण्यात जाता जाता वाचले. फोटो काढला. मासा बाबांच्या हातात होता आणि मालकी किनकेडच्या चेहऱ्यावर.

खोपट्यात व्हिस्की निघाली. माझ्या आईचे बटाटेवडे लोक 'लिटल बॉल्स' म्हणून खात होते. किनकेड शेगडीपुढे उभे राहून भाषण करायला लागले. या माशीवर लोक हसतात, पण पुरावा बाहेर गवतावर पडलाय. मग त्यांनी ग्लास बाबांच्या दिशेनं उचलला आणि म्हणाले, "आणि व्हॅसचा मोठा गुण हा की त्याला जे सांगावं ते तो करतो. सात वर्षं! स्वतःचं डोकं चालवलं नाही, म्हणून मासा मिळाला."

सगळे हसले. बाबाही हसले. ते हसणं मला सहन झालं नाही.

"काळी माशी होती," मी म्हटलं. मोठ्यानं, स्वच्छ एडिनबराच्या इंग्लिशमध्ये. "डंकननं दिलेली. बाबांनी मागाहून बदलली. मी पाहिलं."

किनकेड माझ्याकडे पाहत होते, मग बाबांकडे, मग दारात उभ्या असलेल्या डंकनकडे. "डंकन?"

डंकननं टोपी काढली, तिच्यात पाहिलं, पुन्हा घातली. "तुमचीच होती, डॉक्टर. जाळ्यात मीच घेतला ना मासा. ग्लोरीच."

जन्मात खोटं न बोललेला माणूस असावा तो, इतक्या वाईट रीतीनं तो खोटं बोलला. पण किनकेडना तेवढं पुरलं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा आपल्या ओल्या मोज्यांकडे पाहत होते. आणि माझ्या शेजारून आईचा आवाज आला, मराठीत, अगदी शांत. "अनू, त्यांना सॉरी म्हण."

"आई, पण मी..."

"सॉरी म्हण."

मी म्हटलं. किनकेडनी उदार मनानं माफ केलं. त्यांनाही मुली होत्या म्हणे, या वयात अशाच वागायच्या. मग त्यांनी यजमान म्हणून मासा कापायला लावला, मधला जाड भाग स्वतःकडे ठेवला आणि डोकं-शेपटी वर्तमानपत्रात गुंडाळून आईला दिली. "फॉर युवर करी."

घरी आल्यावर मी जाहीर केलं की मी जेवणार नाही, या घरातले सगळे खोटारडे आणि लाचार आहेत. बाबा आंघोळीला गेले होते. आईनं वर्तमानपत्र सोडलं, डोक्याचे कल्ले उचलून आत पाहिलं आणि पहिल्यांदाच इथल्या एका नदीतल्या माशाला पास केलं. मग ती खुदकन हसली.

"डोकं दिलं गं आपल्याला. मूर्ख मेले. सगळ्यात गोड भाग आपणहून गुंडाळून दिला आणि वर उपकार केल्यासारखं तोंड!" तिनं सुरी घेतली. "मधला तुकडा मिरवायला त्यांना हवा. घेऊ दे. आपण डोकं घेऊन घरी आलो ना?"

"ती बाबांची कमाई होती," मी म्हटलं.

"मग ती कशावर घालवायची हे बाबांनी ठरवायचं. तू नाही. खोबरं खवून दे."

तिरफळं घालून केलेलं ते आंबट-तिखट कालवण अजून माझ्या जिभेवर आहे. मी जेवणार नाही म्हटलं होतं. दोनदा भात घेतला. बाबांनी डोक्यातला गालाचा मऊ तुकडा काढून माझ्या ताटात ठेवला, आणि मी तो खाल्ला, त्यांच्याकडे न पाहता. तिरस्कार करणाऱ्या माणसानं निदान उपाशी तरी राहावं. मला तेही जमलं नाही.

मे महिन्यात पत्र आलं. बाबा कन्सल्टंट झाले. आई शेजारी पेढे घेऊन गेली आणि मिसेस बेलनी ते फज म्हणून खाल्ले. त्या शनिवारी बाबांनी रॉड, रबरी पँट, चिमटा, पिसं, वही, सगळं माळ्यावर चढवलं. पुढच्या फेब्रुवारीत बोलावणं आलं तेव्हा त्यांनी पाठ दुखते म्हणून कळवलं. मी विचारलं, खवचटपणेच विचारलं, "आता नाही का जायचं नदीवर?"

"फार थंडी असते तिथं," बाबा म्हणाले.

म्हणजे सात वर्षं तो माणूस कुडकुडला होता, आणि मला वाटत होतं त्याला हौस आहे. हे कळल्यावर तरी माझा तिरस्कार जायला हवा होता. गेला नाही. मी त्या जागेच्या पगारावर शिकले, इंजिनिअर झाले, ब्रिस्टलला विमानांच्या पंखांची ड्रॉइंग केली, आणि तिथं चार वेगवेगळ्या किनकेडना त्यांच्या चुका गुपचूप निस्तरून ते त्यांच्याच अक्कलहुशारीचं फळ म्हणून दाखवलं. तरी बाबांची ती दातानं कापलेली गाठ मी विसरले नाही. आपल्या हातून घडलं की त्याला अडचण म्हणायचं आणि बापाच्या हातून घडलं की लाचारी, ही सोय मी पस्तीस वर्षं वापरली.

आई गेली. बाबा आता ब्याण्णव वर्षांचे आहेत आणि ब्रिस्टलला माझ्याकडे असतात. गेल्या रविवारी माझी नात इरा आली होती, आठ वर्षांची. तिच्या शाळेत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाबद्दल प्रोजेक्ट होतं. तिनं तो फोटो शोधून काढला होता. बाबा, मासा, बाबांच्या खांद्यावर किनकेडचा हात, आणि कडेला हिरव्या स्वेटरमध्ये मी, तोंड फुगवलेलं. टेबलावर रंगीत पेन्सिली पसरून तिनं मासा काढायला घेतला.

"पणजोबा, हा फिश तुम्ही पकडली?"

"हो. एकच पकडला आयुष्यात."

"कशानी? वर्म लावून?"

"माशीनं."

"कुठचा माशी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे आता पाणावलेलेच असतात, पण नजर पक्की आहे. ते थांबले होते. शेहेचाळीस वर्षांत त्या दिवसाबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो. मला वाटलं, पुरे झालं, म्हाताऱ्याला पणतीसमोर त्याचा मासा त्याच्या पद्धतीनं मिळू दे.

"किनकेड साहेबांची," मी म्हटलं. "केशरी. फोटोत दिसते बघ."

इरानं केशरी पेन्सिल उचलली.

"खोटं बोलते ती," बाबा म्हणाले. "काळी होती. डंकनची. मीच बदलली नंतर. हिनं पाहिलं होतं."

इरा आ वासून माझ्याकडे पाहत राहिली. "आजी! तू लाय बोलला? माझ्या होमवर्कमध्ये?"

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. त्या खोपट्यात खरं बोलून मी खोटी ठरले होते, आता खोटं बोलून पुन्हा खोटी ठरले, आणि दोन्ही वेळा हा माणूस समोर बसलेला. फक्त या वेळी तो मोज्यांकडे पाहत नव्हता.

"यू हॅव टू से सॉरी," इरा म्हणाली.

"सॉरी," मी म्हटलं.

बाबांनी पेन्सिलींच्या ढिगात हात घातला, थरथरत्या बोटांनी शोधून काळी पेन्सिल काढली आणि तिच्यापुढे सरकवली.